मागचं लेबल

पुढचं लेबल त्यांचं असतं,
मागचं माझं.

रे रोडच्या गोदामात आठला शटर वर जातं.
समुद्रावरून महिनाभर डुलत आलेल्या बाटल्या
खोक्यांतून माना वर काढून बसलेल्या.
मी एकेकीला पाठ फिरवायला लावते
आणि पाठीवर चिकटवते
आयातदार, पत्ता, परवाना क्रमांक,
मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे,
कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित.

किंमतीशी हात अजून थबकतो.
तिकडे ही सहा युरोची.
तिकडे म्हणे गवंडी, पोस्टमन, शाळेतल्या बाई
संध्याकाळी पावासोबत काखोटीला मारून नेतात.
इथे धक्क्यावर उतरली की तेवीसशे पन्नास.
फरेदून शेठ म्हणतात, स्वस्तातली आहे, हातोहात जाईल.
असेल.

फुर्निए कुटुंबाला मी कधी पाहिलेलं नाही.
पण चौदा वर्षं त्यांचा कागद माझ्या बोटांखालून जातोय,
आणि छापखान्यात वाढलेल्या माणसाला
कागदावरून घर कळतं.
दुमजली घर, अक्रोडाचं झाड, पायरीशी कुत्रा.
एका वर्षी तीन रंगांचे दोनच झाले,
पेट्याही निम्म्या आल्या.
गारपीट झाली असेल, नाहीतर लग्न निघालं असेल;
छपाईतली काटकसर दोन्हीची सारखीच दिसते.
पुढे कुत्रा गेला.
त्याच्या जागी काही काढलं नाही कुणी,
पायरी तेवढी रिकामी ठेवली.

घराखाली बारीक अक्षरांत
फुर्निए, बाप आणि मुलगा.
(अर्थ शेठनी सांगितलेला, पहिल्याच वर्षी.)

आमच्या पाटीवरही तेच आहे.
टिपणीस आणि पुत्र,
लेबले, स्टिकर, पावतीपुस्तके.
पुत्र म्हणजे श्रीरंग, रोज ऐरोलीला जातो,
शाईच्या वासानं त्याचं डोकं चढतं.
बिलांवर पुत्राच्या खाली सही माझी, हेमांगी.
एकदा विषय काढला होता.
बाबा म्हणाले, पाटीला काय खायला लागतं?
राहू दे की.

या खेपेला पहिलंच खोकं उघडलं
आणि शेवटचा शब्द बदललेला.
फुर्निए, बाप आणि मुलगी.
आपल्याकडे काना काढून वेलांटी दिली की भागतं,
त्यांना एक अक्षर जास्त लागलं,
ते जुन्याच जागेत कोंबलंय,
शेवटची अक्षरं एकमेकींच्या अंगावर,
आसनावर चौथी सीट घेतल्यासारखी.
मी ती बाटली बराच वेळ हातात धरून उभी.
हमाल राजाराम म्हणाला, ताई, गळतेय का?
मी म्हटलं, नाही.
मग खरंच एक गळकी निघाली, बुचाशी ओली.
शेठ म्हणाले, घेऊन जा,
परवाना बिरवाना आहे ना?
आणि स्वतःच हसले.

घरी मांदेली तळली होती.
स्टीलच्या पेल्यात दोन बोटं ओतली बाबांना.
आंबट आहे, म्हणाले.
मग थोडी आणखी मागितली.
त्यात चुना, ओली माती आणि कोकमाच्या सालीसारखं काही होतं,
किंवा मलाच तसं वाटलं;
मला या वस्तूची चव सांगता येत नाही,
फक्त वजन आणि बॅच नंबर.

बाबांनी बाटली दिव्याखाली धरली.
खिशातून ते जुनं भिंग काढलं,
ज्यानं चाळीस वर्षं मुद्रितं तपासली,
आणि त्या शेवटच्या शब्दाशी अडले.
फ्रेंच त्यांना येत नाही.
मी सांगितलंही नाही.

पुष्कळ वेळानं म्हणाले,
दाटलंय इथे.
जुनीच प्लेट वापरली त्यांनी.
असं चालत नाही, शब्द बदलला की प्लेट नवी करायची,
जागा करून द्यायची नीट.

भिंग खिशात गेलं.
मांदेलीचे काटे त्यांनी ताटाच्या कडेला ओळीत लावले.
मी पेले विसळले.
सकाळी तीनशे चाळीस बाटल्या आहेत.